रोजचा सोमवार

आमच्या घराण्यात कुणाचं लग्न ठरलं, की पत्रिका छापायला टाकायच्या आधी मला एक फोन येतो. ‘आत्त्या, गोव्यात राहायचं कुठं?’ मी राहते शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी, चारी बाजूंनी ऊस. समुद्र बघायला मला घाट उतरावा लागतो. पण डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्से गावात आमच्या ओळखीचं एक घर आहे, आणि तेवढ्यावर मी सगळ्या पोरांची ‘गोव्याची आत्त्या’ झाले आहे.

या खेपेला फोन आला तो भाचीचा. धाकट्या भावाची मुलगी, पुण्यात नोकरीला, लग्न डिसेंबरातलं. पहिली दहा मिनिटं ती नेहमीचंच बोलली. पुण्याहून विमानानं मोपाला उतरायचं, म्हणजे पेडणे तालुका जवळच. मांद्रे बरं की मोरजी? हरमलचं गोड्या पाण्याचं तळं बघण्यासारखं आहे का? मी सांगत होते. केरीच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, गर्दी कमी. तिथून फेरीबोटीनं पलीकडं गेलं की तेरेखोलचा किल्ला. मोरजीला कासवं अंडी घालायला येतात, तिथं रात्री वाळूत दंगा करायचा नाही. नाताळच्या आठवड्यात खोल्यांचे भाव दुप्पट होतात, तेव्हा आधी जा नाहीतर नंतर जा.

मग तिचा आवाज एकदम खाली आला. ‘आत्त्या, एक विचारू? आईला सांगू नका.’

गेल्या चातुर्मासात तिनं आर्यिका माताजींच्या समोर रात्रीभोजन त्यागाचा नियम घेतला होता. पुण्यात ऑफिसातसुद्धा पाच वाजता डबा उघडून खात होती, सगळ्यांची थट्टा सोसून. आणि होणाऱ्या नवऱ्यानं तिला खूश करायला म्हणून मांडवी नदीतल्या बोटीवर जेवणाचा बेत केला होता. रात्री नऊ वाजता. पैसेही भरून झाले होते. मुलगा आपल्यातलाच, पण नोकरीनिमित्त घराबाहेर वाढलेला. त्याला या नियमाचा पत्ताच नव्हता. वहिनीच्या कानावर अर्धंमुर्धं गेलं, तर ती म्हणाली होती, ‘चार दिवसांचा प्रश्न हाय. आल्यावर माताजींकडनं प्रायश्चित्त घे. पहिल्याच आठवड्यात नवऱ्याचा विरस करू नगंस.’

‘मी काय करू?’ भाची म्हणाली.

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण हा प्रश्न मला कुणी पहिल्यांदा विचारत नव्हतं. अडतीस वर्षांपूर्वी मी तो स्वतःला विचारला होता, आणि चुकीचं उत्तर दिलं होतं.

आमचं लग्न फेब्रुवारी १९८७ मधलं. तेव्हा आमच्या भागात मधुचंद्र हा शब्द पुस्तकात होता, घरात नव्हता. लग्न झालं की जोडीनं कुंभोजच्या बाहुबलीला जायचं, डोंगर चढायचा, दर्शन घ्यायचं, झालं. आमचे हे कॉलेजला कोल्हापुरात वसतिगृहात राहिलेले, आणि ‘एक दुजे के लिए’ तीन वेळा बघितलेला. त्यांनी गोव्याचं नाव काढलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘आधी बाहुबली, मग समुद्र.’ तसंच केलं. सातव्या दिवशी पहाटे एसटीनं निघालो. आंबोली घाट, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा. गोवा तेव्हा घटकराज्यसुद्धा नव्हता, ते झालं त्याच वर्षी ३० मेला. आणि मांडवीवरचा नेहरू पूल आदल्या वर्षी, ५ जुलै १९८६ ला, कोसळलेला. त्यामुळं बेतीला उतरून फेरीबोटीनं पणजीत जायचं. ट्रंक, पिशवी, डोक्यावरचा पदर, सगळं सांभाळत मी त्या बोटीत उभी होते. पाण्यावर मी पहिल्यांदाच पाय ठेवला होता.

खोली मिळेपर्यंत दिवस मावळला. हे म्हणाले, ‘हातपाय धू, मिरामारला फिरून येऊ, मग जेवू.’ आठ वाजता जेवायला बसलो. माझ्या माहेरी दिवेलागणीनंतर चूल पेटलेली मी कधी बघितली नव्हती. आम्ही बहिणी लहान असताना रडलो तरी आजी रात्री घास देत नसे, कुशीत घेऊन झोपवायची. समोर ताट आलं. मी म्हटलं, ‘पित्त झालंय, तुम्ही जेवा.’ त्यांनी पोटभर जेवण केलं आणि येताना माझ्यासाठी पित्ताच्या गोळ्या आणल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी माशांच्या वासातनं एक खानावळ शोधली. डाळीत लसूण, भाजीत बटाटा. दहीभात खाल्ला. संध्याकाळी दोनापावला. सगळी जोडपी मावळता सूर्य बघून हरखत होती. मला तो दुकानाचं शटर ओढणाऱ्या दुकानदारासारखा वाटत होता. आत्ता सांगावं, आत्ता सांगावं, असं करता करता शटर पडलं. त्या रात्रीही ‘भूक नाही’. नियम असा, की पाणीसुद्धा नाही.

का नाही सांगितलं? आज मुली हसतील. पण सात दिवसांच्या नवरीला वाटत असतं, आपण जे मागू ते नखरे ठरेल. आणि एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती, ती पुढं संसारात कळली. आमचं सासर जैनच. सासूबाई सूर्यास्ताच्या आत जेवायच्या, जावा जेवायच्या. पण पुरुष कारखान्यातनं, रानातनं उशिरा यायचे, त्यांना रात्री वाढलं जायचं. ह्यांनी लहानपणापासून आईला वाढताना बघितलं होतं. ती कधी जेवते, जेवते की नाही, हे बघायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती. ते वाईट नव्हते. त्यांना दिसतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी परत फेरीबोटीत चढलो आणि मला चक्कर आली. ह्यांची पाचावर धारण बसली. वसतिगृहातला त्यांचा एक मित्र लाटंबार्सेचा. तसं त्याच्याकडं जाऊन यायचं ठरलंच होतं. म्हापशाहून अस्नोड्यावरून दोडामार्गला जाणाऱ्या बसनं आम्ही त्याच्या गावी पोचलो. गाव अगदी सीमेवर. दोडामार्ग ओलांडला की सिंधुदुर्ग जिल्हा. समुद्र तिथं नाही. लाल माती, पोफळी, काजूला आलेला मोहर, आणि डिचोलीच्या बाजूनं खनिजाचे ट्रक. माझ्या जिवाला जरा बरं वाटलं, कारण ते गाव होतं. अंगण सारवलेलं होतं, तुळस होती, गोठ्यात गाय होती.

मित्राच्या आईनं मला एकदा निरखून बघितलं आणि पुरुषांना बाहेर बसवून मला आत नेलं. ‘कितें खालां गो तूं?’ मी बांध फुटल्यासारखी रडले. तिची कोकणी मला अर्धी कळत होती, माझी शिरोळकडची भाषा तिला अर्धी कळत होती. कांदा नाही, लसूण नाही, जमिनीखालचं काही नाही, दिवस मावळल्यावर काही नाही, असं मी बोटं मोडून सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे शिवराक.’ तेव्हा मला हा शब्द मिळाला. गोव्यात शाकाहाराला शिवराक म्हणतात. हिंदू घरांतून सोमवारी मासळी शिजत नाही, श्रावणात नाही, चतुर्थीला नाही. तिनं थोडा विचार केला आणि हसली. ‘म्हळ्यार तुमकां सदांच सोमार!’

तुम्हाला रोजच सोमवार. आमच्या धर्माचं एवढं सोपं वर्णन मी पुन्हा कुणाकडनं ऐकलं नाही.

साडेपाचला तिनं पानं मांडली. उकड्या तांदळाचा भात, नारळ घातलेली मुगागाठी, लसूण न घालता केलेली सोलकढी, वर केळं. तिनं दोन पानं मांडली होती, एक माझं आणि एक ह्यांचं. हे म्हणाले, ‘मी मागनं मित्राबरोबर जेवतो.’ म्हातारी म्हणाली, ‘बायल उपाशीं रावली दोन राती, आनी तुका खबर ना?’ ते खाली मान घालून बसले आणि जेवले. लग्न झाल्यापासून आम्ही जोडीनं जेवलो ते त्या दिवशी, परक्याच्या स्वयंपाकघरात.

परतीच्या बसमध्ये ते म्हणाले, ‘तू सांगितलं का नाहीस?’ मी म्हटलं, ‘तुम्ही विचारलं का नाही?’ आंबोलीचा घाट चढून जाईपर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो. खरं सांगायचं तर हे भांडण अजून मिटलेलं नाही. पुढची वीस वर्षं ते रात्रीच जेवले, मी काही त्यांना बदललं नाही. पण कुठं बाहेरगावी गेलो, की चार वाजल्यापासून त्यांचं घड्याळाकडं लक्ष असायचं. माझ्यासाठी.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं. तिच्या आईला, माझ्या सख्ख्या बहिणींना, कुणाला सांगितलं नव्हतं. बाहेर आमची मधुचंद्राची गोष्ट ‘फार मजा आली’ एवढीच होती.

मग म्हटलं, ‘नियम तुझा आहे. पाळायचा की सोडायचा ते तू ठरव, मी माताजी नव्हे. पण खोटं दुखणं काढू नकोस. पोट दुखतंय म्हटलंस, तर तो गोळ्या आणेल. खरं सांगितलंस, तर निदान त्याला काय आणायचं ते कळेल.’

तिनं त्याच रात्री सांगितलं. सिनेमात होतं तसं काही झालं नाही. तो नाराज झाला. ‘पैसे भरायच्या आधी बोलली असतीस तर?’ म्हणाला, आणि दुसरा अख्खा दिवस त्याचा फोन नाही. भाची रडकुंडीला आली, वहिनीनं मला चार शब्द सुनावले. मलाही रात्रभर झोप नाही. दुसऱ्याच्या लेकीला धीट केलं आणि तिचं काही बिनसलं तर? तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, थेट मला. ‘आत्त्या, सूर्य नेमका किती वाजता मावळतो तिथं?’

डिसेंबरात सहा वाजून पाच-दहा मिनिटांनी. दोन घडी आधी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं आधी जेवण उरकायचं म्हटलं तर सव्वापाच. मग आम्ही तिघांनी मिळून बेत आखला. भरलेल्या पैशातले थोडे बुडाले. त्याऐवजी पणजीच्या सांता मोनिका धक्क्यावरून संध्याकाळची, सूर्यास्ताची फेरी असते, ती घेतली. आधी खाऊन घ्यायचं, मग बोटीत बसून नुसती हवा खायची. हॉटेलऐवजी मांद्र्याला स्वयंपाकाची ओटी असलेली खोली घेतली. सोबत मेतकूट, खाकरे आणि थालीपिठाची भाजणी. ‘कुकर नेऊ?’ असं भाचीनं विचारलं, तेव्हा मात्र मी तिला रागावले. मधुचंद्राला कुकर नेणारी आमच्या घराण्यात कुणी झाली नाही, होऊ नये.

आणि हॉटेलात बसल्यावर मोठी यादी वाचायची नाही, आधी ‘शिवराक’ म्हणायचं. मग कांदा, लसूण, बटाटा, गाजर नको ते सांगायचं, आणि सोलकढीत लसूण आहे का ते विचारायचं. अळसांद्यांचं तोणाक, मुगागाठी, भेंडी, नारळाच्या रसातलं काहीही मागायचं. नारळ झाडावर लागतो, देवाची कृपा.

शेवटचा दिवस मी त्यांना डिचोलीसाठी राखायला लावला. कासारपालच्या कालिका देवीचं देऊळ वाटेवरच आहे. नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा बांधवलं, ते बघा म्हटलं. आणि कुडणे गावी जा. तिथं जुन्या जैन बस्तीचे अवशेष आहेत. फोंडा तालुक्यात बांदिवड्याला नेमिनाथाच्या बस्तीचे आहेत. आपल्याला वाटतं गोव्यात आपण परके. पण या लाल मातीत कधीतरी आपल्यासारखीच माणसं दिवस मावळायच्या आत जेवून उठत होती.

लाटंबार्सेला आता ती म्हातारी नाही. भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो आहे. तिच्या सुनेनं पोरांना साडेपाचची वेळ न सांगताच पाळली. भाचीनं पानांचा फोटो पाठवला, दोन पानं शेजारी शेजारी. मी तो ह्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, ‘मुगागाठी अजून तशीच करतात.’

रात्री दहाला भाचीचा पुन्हा फोन. जावयाला नऊ वाजता परत भूक लागली म्हणे. सुनेनं त्याला पोळी-भाजी वाढली.

‘मग? तू रागावलीस?’ मी विचारलं.

‘नाही हो. घास घ्यायच्या आधी त्यानं मला विचारलं, तुझ्यासमोर खाल्लं तर चालेल ना?’

विचारलं. बस, तेवढंच तर पाहिजे होतं.