परतीची वाट

नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा आटोपून आम्ही घराकडे निघालो होतो. मागून स्कूटरवर आमचे मेहुणे, बहीण आणि तिच्या मांडीवर झोपी गेलेला भाचा येत होते. वाटेत एक कुत्रे आडवे आले म्हणून आम्ही ब्रेक दाबला, आणि मागे टायर घासल्याचा कर्कश आवाज झाला. स्कूटर आमच्या मोटारीपासून वीतभर अंतरावर थांबली होती.

"दादा, तुम्ही ब्रेक दाबलात की तुमचा लाल दिवा विझतो!" मेहुणे थरथरत म्हणाले.

डाव्या बाजूचा ब्रेकचा बल्ब आठवड्यापूर्वीच गेला होता. 'उद्या बदलू' म्हणून आम्ही तो तसाच ठेवला होता. पण उजवा? 'आमचा उजवा दिवा व्यवस्थित लागतो,' असे आम्ही त्यांना तेथेच ठासून सांगितले. त्या उत्तराची आम्हांला आजही लाज वाटते. चाकामागे बसलेल्या माणसाला स्वतःचा मागचा दिवा कधी दिसतो?

दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना नवे बल्ब घातले. डावा सुधारला, उजव्याचे दुखणे कायम! फ्यूज पाहिला, तोही शाबूत. अखेर सौभाग्यवतींना ब्रेकवर पाय ठेवायला बसवून आम्ही मागे उकिडवे बसलो. हे आधीच करावयास हवे होते. ब्रेक दाबताच उजवा लाल दिवा उजळण्याऐवजी मंदावे आणि शेजारचा इंडिकेटर, ज्याचा या व्यवहाराशी काडीचा संबंध नाही, तो चोरट्यासारखा मिणमिणू लागे.

त्या मिणमिणण्यातच सारे उत्तर होते. घरातल्या दिव्याला दोन तारा असतात. मोटारीत बॅटरीच्या धन टोकाकडून दिव्यापर्यंत तार येते खरी, परंतु परतीची वाट म्हणजे मोटारीचे लोखंडी अंगच. त्याला वायरमन 'अर्थ' म्हणतात. मागच्या बल्बमध्ये दोन तंतू असतात: 5 वॅटचा रात्रीसाठी, 21 वॅटचा ब्रेकसाठी. दोघांचा आणि इंडिकेटरचाही अर्थ एकच. तो तुटला की ब्रेकच्या तंतूतून निघालेला प्रवाह इंडिकेटरच्या तंतूतून आडवाटेने परतू पाहतो. मग कोणाच्याच वाट्याला पुरेसे बळ येत नाही.

मल्टिमीटरची एक कांडी होल्डरच्या अर्थवर व दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर धरली. ब्रेक दाबलेला असताना तेथे जेमतेम दोन-तीन दशांश व्होल्ट दिसावेत, दिसले सात. होल्डरच्या अर्थपासून खरवडलेल्या उघड्या पत्र्यापर्यंत तारेचा एक तुकडा धरताच दिवा लख्ख पेटला.

डिकीतले अस्तर उचलले. खाली पावसाचे पाणी मुरून अर्थचा बोल्ट गंजला होता, वर पांढरट-हिरवी बुरशीसारखी साय. पॉलिश पेपरने पत्रा उजळेपर्यंत घासला, तारेला नवे टोक बसवले, बोल्ट आवळून वर व्हॅसलिन चोपडले. खर्च नगण्य, वेळ मात्र सारी दुपार.

नववर्षदिनी मेहुणे सहकुटुंब जेवायला आले. अंगणात शिरताच ते घरात न येता थेट मोटारीमागे जाऊन उभे राहिले. भाचा त्यांच्या कडेवर होता.

"दादा, बसा आत," ते म्हणाले. "दाबा ब्रेक."