दापोलीच्या वाटेवरची सप्तरंगी

खेडहून दापोलीची एस.टी. धरलीत की वाट चढू लागते. तांबडी माती, जांभ्याचे गडगे, आंबा-काजूच्या बागा आणि मधूनच एखादी गर्द देवराई. तिच्या कडेला झाडोऱ्यात गुंतलेली एक लाकडी वेल नीट पाहा. पाने समोरासमोर, जाड, चकचकीत. फळ लहान, गोल, पिकले की तांबूस-नारिंगी. आतला गर मुले आवडीने चोखतात. हीच सप्तरंगी. तिचे मूळ आडवे कापले तर आत एकात एक वलये दिसतात.

घाटावरच्या मंडळींनी वेल पाहिलेली नसते, मूळ मात्र पाहिलेले असते. देवस्थानांच्या वाटेवर त्याचे तुकडे विकायला मांडलेले असतात, आणि 'साखरेवर अक्सीर' असे विकणारा छातीठोकपणे सांगतो. त्यात तथ्य किती?

अगदीच नाही असे नव्हे. श्रीलंकेत सप्तरंगीच्या एका बहिणीला 'कोथला हिंबुटू' म्हणतात. तिच्या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी भरून ठेवायचे आणि ते प्यायचे, ही तिकडची जुनी रीत. १९९७ साली जपानमधील क्योतोच्या योशिकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वेलीतून 'सॅलॅसिनॉल' हे द्रव्य वेगळे काढले. पुढे ते आपल्या सप्तरंगीतही सापडले.

अशी वनस्पती तपासतात कशी, हे पाहण्यासारखे असते. मूळ वाळवून, कुटून त्याचा अर्क काढतात. पहिल्या परीक्षेत डी.पी.पी.एच. नावाचे गर्द जांभळे द्रावण घेतात. अर्क घातल्यावर ते पिवळे पडू लागले, म्हणजे शरीरातल्या पेशींना 'गंज' चढवणाऱ्या कणांना थोपवण्याची ताकद त्या अर्कात आहे. शेजारी तुलनेला क जीवनसत्त्व ठेवतात. दुसरी परीक्षा साखरेची. भाकरीतल्या पिठाची शेवटी साखर करणारा एक पाचकरस आपल्या आतड्यात असतो. तो नळीत घेतात. त्याचे काम चालू असले तर द्रावण पिवळे होते. अर्काने त्याला अडवले तर पिवळेपणा कमी. म्हणजे बघा, एका नळीत पिवळे झाले तर आनंद, दुसरीत न झाले तर!

सप्तरंगी या दुसऱ्या परीक्षेत चांगली उतरते. पण तिचे काम एवढेच, की जेवणातली साखर रक्तात हळू जावी. ती इन्शुलिन नव्हे. ज्या मुलाच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, त्याचे इंजेक्शन मुळाचा काढा देऊन बंद केले तर जिवावर बेतेल. गोळ्या चालू असताना वर काढा घेतला तर साखर फार खाली जाऊन घाम फुटतो, हातपाय थरथरतात. डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊच नका. श्रीलंकेत माणसांवर चाचणी झाली, २००५ साली ती छापून आली. पण रुग्ण होते ५१ आणि मुदत तीन महिन्यांची. नळीतला निकाल आणि घरातला रोगी यांच्यात एवढे अंतर असते.

मी शेतीखात्याचा माणूस, मला दुसरीच काळजी. मूळ खणले की वेल गेली. पानातली ताकद तिला न मारता घेता येते. तिच्या पानांतही 'मॅंगिफेरिन' हे गंजरोधक द्रव्य असते. आंब्याच्या पानात आणि सालीतही तेच, नावही आंब्यावरूनच. असे असूनही बाजार मूळच मागतो. मी गेलो त्या देवराईत तीन ताजे खड्डे होते आणि शेजारी वाळलेला पाला.

कोकणातल्या वाचकांनो, तुमच्या बांधावर ही वेल असेल तर खोदणाऱ्याला हात लावू देऊ नका. पिकलेले फळ हाती लागले तर बी डब्यात वाळवत ठेवू नका. ताजेच पिशवीत पेरा, सावलीत ठेवा, आणि उगवायला वेळ लागला तरी पिशवी उपडी करू नका.