कुतच्या वेढ्यांतील अन्न

इतिहासाच्या तासाला विद्यार्थी लढायांच्या सनावळ्या चटकन् पाठ करितात. सैन्य काय जेवत होतें, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो. म्हणून कुत-अल-अमाराची हकीकत येथें सांगावीशी वाटते. इराकांत तायग्रिस नदीच्या वळणावर वसलेल्या ह्या गांवीं ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत इंग्रजांची सहावी पुणें डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यांत अडकली होती. तींत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या.

धान्य घटूं लागलें तेव्हां सेनापति टाउनशेंड ह्यांनीं घोडीं व खेचरें कापविलीं. गोऱ्या शिपायांनीं तें मांस खाल्लें. हिंदी शिपायांपैकीं बहुतेकांनीं कित्येक आठवडे नाकारलें. हिंदुस्थानांतील धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा तारेनें मागविली, तरी पुष्कळांचें मन वळेना. गांवीं परतल्यावर पंगतीस कोण घेईल, मुलीची सोयरीक कशी जुळेल, हीच धास्ती. ह्यास अडाणीपणा म्हणणारे आहेत. मला तसें म्हणवत नाहीं. उपाशीं पोटीं खंदकांत उभे असतांही त्यांस घरचीं माणसें दिसत होतीं.

देह मात्र असल्या गोष्टी जाणत नाहीं. ताजें मांस नाहीं, भाजीपालाही नाहीं, त्यामुळें हिंदी शिपायांस स्कर्व्ही जडली. हिरड्या सुजल्या, जखमा भरून येईनात. तेव्हां रानपाला खुडून त्यांस खावयास देण्यांत आला. उलट, पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या गोऱ्यांत बेरीबेरी शिरली. कोंड्यासह दळलेली कणीक खाणारे हिंदी शिपाई तींतून बहुतांशीं वाचले. जीवनसत्त्वांचा धडा शिकवितांना मी हेंच उदाहरण देतों.

गांवांत सुमारें ६,००० अरब रहिवासीही होते. बायकामुलांसह त्यांस वाळवंटांत हांकलून देणें टाउनशेंड ह्यांस प्रशस्त वाटलें नाहीं. पण त्यांच्या घरांत सांठविलेलें धान्य सैन्यानें झडत्या घेऊन ताब्यांत घेतलें. त्या आयांनीं काय रांधलें असेल, हें लष्करी ग्रंथांत सांपडत नाहीं.

एप्रिलांत विमानांतून पिठाच्या गोण्या टाकण्यांत येऊं लागल्या. जात्याचे दगडसुद्धां आकाशांतून आले. इतक्या मुखांस तें कोठून पुरणार! २४ एप्रिलच्या रात्रीं २७० टन सामग्री घेऊन निघालेली ‘जुलनार’ आगबोट तुर्कांनीं वाटेंतच धरली, आणि पांच दिवसांनीं कुत पडलें. तुर्कांनीं कैद्यांस कठीण बिस्किटें वांटलीं. कित्येक महिने अर्धपोटीं राहिलेल्या त्या माणसांनीं तीं अधाशीपणें खाल्लीं, आणि त्यांतील कित्येक पोटाच्या विकारानें दगावले.