कधीच समाधान न होणारी गाडी



आमच्या शोकेसमध्ये सध्या बंदुकीच्या गोळीसारखी लांबोळकी मोटार उभी आहे. धाकट्याने पुठ्ठ्याची केलेली प्रतिकृती. मूळ गाडी १८९९ ची, विजेवर चालणारी. बेल्जियमच्या कामिय जेनात्झीने पॅरिसजवळ ती ताशी १०५.८८ किलोमीटर वेगाने पळवली. शंभरी ओलांडणारी ती पहिली मोटार. नाव 'ला जामे कोंतांत', म्हणजे कधीच समाधान न होणारी.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे तर लोभ कषायाचंच नाव झालं!"

जेनात्झी १९१३ साली शिकारीला गेलेला असताना वारला. गंमत म्हणून झुडपाआडून तो जनावराचा आवाज काढत होता. मित्राने खरंच जनावर समजून गोळी झाडली. हे सांगताना धाकटा थबकला. म्हणाला, "आई, नेमिनाथांनीही जनावरांचा आवाजच ऐकला होता ना?"

जिंतूरच्या नेमगिरीला आपण ज्यांच्या दर्शनाला जातो, तेच हे नेमिनाथ. लग्नाच्या जेवणासाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश कानी पडला आणि त्यांनी वरातीतून रथ माघारी वळवला, गिरनारची वाट धरली.

पुठ्ठ्याची गाडी शोकेसमध्येच राहील, पोराची मेहनत आहे ती. पण पुढच्या वर्षी त्याला अठरा पूर्ण होतील आणि मोटारसायकल हवी आहे. आपण परिग्रहाचं परिमाण घालतो, तसं वेगाचंही घालायचं ठरलंय: ताशी ४०. नियम तो मंदिरात, स्वतःच्या तोंडाने घेणार. किल्ली त्यानंतर.