असाहिदाके : हिमाखालचा अग्नी
जपानच्या होक्काइदो बेटावरील सर्वोच्च पर्वत असाहिदाके (२,२९१ मीटर) हा जागृत ज्वालामुखी आहे. रोपवे सुमारे १,६०० मीटरपर्यंत नेतो. पुढे गंधकाच्या वाफांचे लोट दिसतात. हिवाळ्यात स्कीइंग, जुलैत रानफुले, सप्टेंबरात पानांचा रंगोत्सव; पर्वत बाराही महिने यात्रिकांना बोलावतो.

श्रावकाची कसोटी मात्र हिवाळ्यात लागते. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्यास्त होत असल्याने चौविहार पाळणाऱ्याने त्यापूर्वीच आहार आटोपावा. भाज्यांच्या सूपातही अनेकदा माशांचा अर्क असतो, म्हणून शिदोरी सोबतच असावी.

उन्हाळ्यात नाजूक वनस्पती तुडवल्या जाऊ नयेत म्हणून आखलेली पायवाट सोडण्यास मनाई असते. ईर्यासमितीचा संस्कार लाभलेल्याला हा नियम परका वाटत नाही.