पंखाखालची माणसे

नाशिकात राहणाऱ्या माणसाला विमानांचे फारसे अप्रूप उरत नाही. ओझरकडून निघालेले सुखोई गडगडत डोक्यावरून गेले, की मी वर्गात बोलायचा थांबतो, मुले खिडकीबाहेर पाहतात, आणि आवाज विरला की धडा पुन्हा सुरू होतो. वर आम्ही सारेच पाहतो. पण उडण्यापूर्वी त्या विमानाखाली कोण उभे होते, हा विचार मला नाशिकात कधी शिवला नाही. तो सुचला गोदावरीच्या खालच्या अंगाला, पाथरीत.

पाथरीला माझी थोरली बहीण दिलेली आहे. मानवत रोड स्टेशनावर उतरायचे आणि पुढे एस्. टी. धरायची. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन. 2025 च्या दिवाळीत गेलो, तेव्हा सप्टेंबरच्या अतिवृष्टीने झोडपलेल्या शेतांतून वाचलेल्या सोयाबीनच्या गंजी उभ्या होत्या. साईबाबांचे जन्मगाव या श्रद्धेने इथे भाविक येतात. मला मात्र मास्तरकीच्या खोडीने दुसरेच आठवते. अहमदनगरच्या निजामशहांचे मूळ घराणे पाथरीच्या एका ब्राह्मणाचे, असे फरिश्ता लिहून गेला आहे. राज्य करणाऱ्यांची नावे अशी राहतात. त्यांच्या घोड्यांना नाल ठोकणाऱ्यांची कोण लिहून ठेवतो?

आमचे दाजी त्या नाल ठोकणाऱ्यांच्या जातकुळीतले. वीस वर्षे हवाई दलात तंत्रज्ञ होते, तीही बहुतेक मिग-21 वर. 1963 साली आपल्या हवाई दलात आलेले हे विमान 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला निवृत्त झाले, तेव्हा दाजी टीव्हीपुढे ताठ उभे राहिले होते म्हणे. उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू येते. जेट इंजिनाच्या आवाजाने दिलेले ते पेन्शन! त्यामुळे त्या घरात सारेच मोठ्याने बोलतात. नवख्याला वाटावे, भांडण चालले आहे.

भाच्याची अग्निवीर म्हणून निवड झालेली. दिवाळी उरकली की त्याला बेळगावजवळ सांबऱ्याच्या प्रशिक्षण केंद्रात हजर व्हायचे होते. अक्का लाडू वळता वळता डोळे पुसत होती.

पाडव्याला शेतात मळणी निघाली. यंत्राच्या तोंडाशी काड अडकले, आणि भाच्याने ते ओढायला चालू यंत्रात हात घातला. दाजी एवढ्या जोराने ओरडले, की बांधावरचे बगळे उडाले. त्यांनी ट्रॅक्टर बंद केला, पोराला बांधावर बसवले, आणि मग स्वतःच थरथरत खाली बसले.

"विमान पडलं की सगळ्यांना कळतं," ते म्हणाले, "खाली माणूस जातो ते कोणाला कळत नाही."

मग त्यांनी जे सांगितले, ते मी कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते. मिग-21 चे हवा ओढणारे तोंड ऐन नाकावरच. इंजिन चालू असता पुढे जावे तर ते ओढून घेणार, मागे जावे तर तापलेला झोत भाजून फेकून देणार. वैमानिकाला संकटात बाहेर उडवणाऱ्या खुर्चीखाली दारू भरलेली. तिच्या सुरक्षा-पिना जागेवर आहेत ना, हे त्यांच्या तांबड्या फिती मोजल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही. नळ्यांतल्या तेलाचा दाब दर चौरस इंचाला सुमारे 3000 पौंड. सुईएवढ्या छिद्रातून निघालेली धार कातडीत घुसते, म्हणून गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून पाहायची. प्राणवायूच्या नळीला तेलकट बोट लागले तरी भडका. इंधन भरण्यापूर्वी विमान तारेने जमिनीशी जोडायचे, नाहीतर एक ठिणगी पुरे.

"आणि इतकं करून वाचतं का माणूस?" मी विचारले.

"कधी कधी," दाजी म्हणाले. 1991 च्या फेब्रुवारीत, आखाती युद्धात, अमेरिकेच्या विमानवाहू जहाजावरचा एक खलाशी इंजिनाच्या तोंडात ओढला गेला. आधी त्याचे शिरस्त्राण आत गेले, इंजिनातून ज्वाळा निघाल्या, वैमानिकाने वेग उतरवला, आणि तो जिवंत बाहेर आला. पण 2015 च्या डिसेंबरात आपल्या मुंबईच्या विमानतळावर प्रवासी विमानाच्या इंजिनाने एका तंत्रज्ञाला ओढले, तो गेला.

भाचा गप्प होता. दाजींनी त्याच्याकडे पाहून शेवटची गोष्ट काढली. एका रात्री काम संपल्यावर हत्यारांच्या पेटीत एक पाना कमी भरला. पेटीत प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच असते; रिकामी खाच दात पडल्यासारखी दिसते. पहाटे विमान उडायचे होते. "वाटलं, दुकानातून तसलाच पाना आणून ठेवावा. कोण बघतंय? पाय उचलेनात. साहेबांना जाऊन सांगितलं. सगळी टोळी रात्रभर जागली. खुर्ची बाहेर काढली. पाना सापडला सुकाणूच्या दांड्यांजवळ."

"साहेब रागावले?"

"चहा मागवला त्यांनी. सकाळी वैमानिक आला, वहीतली नोंद वाचली, माझ्याकडं बघितलं आणि शिडी चढला. बास."

मी वर्गात सत्यावर पुष्कळ बोललो आहे. ते एका रिकाम्या खाचेएवढे असू शकते, हे त्या बांधावर कळले. धाडस म्हटले की आपण छाती पुढे काढलेला माणूस पाहतो. इथे मान खाली घालून 'माझ्या हातून हरवले' म्हणणारा माणूस होता, आणि त्याच्या त्या एका वाक्यावर दुसऱ्याचा प्राण तोलला होता.

चार दिवसांनी मानवत रोडला भाच्याला निरोप दिला. अक्काने लाडू-चिवड्याचा डबा त्याच्या हाती दिला आणि पदर तोंडाला लावला. गाडी हलली. दाजी खिडकीबरोबर चार पावले चालले आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात एवढेच म्हणाले, "काही हरवलं, तर सांगायचं!"

भाच्याने मान हलवली. अक्काला वाटले, डब्याविषयीच बोलताहेत. "हरवू दे हो," ती रडत रडत म्हणाली, "पोरगं नीट राहिलं म्हणजे झालं."