पाणी उतरतं तेव्हा

पाणी उतरू लागलं की मानोरा तालुक्यातल्या इंझोरीकडची ढोरं अडाण धरणाच्या काठाला लागतात. वरच्या रानात पवन्या-कुसळीची काडी झालेली असते. खाली पाण्यानं नुकत्याच सोडलेल्या काळ्या गाळावर मात्र हरळी आणि लव्हाळा तरारून येतात. हे गवत उकिडवं बसून पाहावं. म्हशीनं शेंडा तोडलेली काडी थोड्याच दिवसांत पुन्हा हिरवी होते, कारण गवताची वाढ बुडाशी असते. जिथे शेण पडलं, तिथला हिरवा रंग चांगलाच गडद.

विदर्भातल्या अशा काठांवर हिवाळ्यात मंगोलिया-तिबेटकडून पट्टकादंब हंसही चरायला उतरतात. त्यांचे भाऊबंद हिमहंस कॅनडात, हडसन उपसागराकाठच्या ला पेरूझ बे इथल्या खाऱ्या दलदलीत उन्हाळा काढतात. रॉबर्ट जेफरीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे वर्षानुवर्षं हंस आणि गवताचं नातं तपासलं. त्या थंडीत काही लवकर कुजत नाही, म्हणून मातीत नत्राचा दुष्काळ. हंसानं खाल्लेल्या गवतातलं नत्र विष्ठेतून थोड्याच वेळात मुळांशी परत येतं; मापात चरलेली जागा न चरलेल्या जागेपेक्षा जास्त गवत देते. मला हे फार मोलाचं वाटतं. खाणारं तोंडच पिकवतंय!

पण पुढे अमेरिकेतल्या भात-मक्याच्या शेतांत या हंसांना हिवाळाभर आयतं खाद्य मिळू लागलं आणि थवे बेसुमार वाढले. वसंतात कोंब फुटायच्या आधीच ते चिखलातून मुळं उपसू लागले. झाकण गेलेला चिखल तापला, खालचं मीठ वर आलं. मग हंसांना कुंपणाबाहेर ठेवूनही कितीतरी जागी वर्षानुवर्षं गवत परतलं नाही.

आपल्या काठांना मिठाचं भय नाही, बेशरम नावाच्या झुडपाचं आहे. ढोरं तिला तोंड लावत नाहीत. एकाच जागी रोज कळप उभा राहिला की हरळी खुरटते आणि ही माजते. त्यासाठी चराई बंद करायला माझा विरोध आहे. ढोरांनी चरलंच पाहिजे. गावानं बसून काठाचे तुकडे पाडावेत, पाळीपाळीनं एकेकाला विसावा द्यावा. आणि बेशरम पावसाआधी मुळासकट काढावी. काढलेली तिथेच टाकू नका. तिचा तुकडा ओल्या मातीत पडला तरी रुजतो. दूर नेऊन कडक वाळवा आणि जाळा.